नव्या कंप्युटरमधले जुने भाडेकरू

विंडोज १० वर एक नवा फोल्डर करा आणि त्याला इंग्रजीत सी-ओ-एन असं तीन अक्षरी नाव द्यायला जा. जमणारच नाही! व्हायरस नाही, बिघाडही नाही. १९८१च्या डॉसने हे नाव कीबोर्ड-स्क्रीनसाठी राखून ठेवलं होतं. तेव्हा फोल्डर हा प्रकारच नव्हता. पुढे फोल्डर आले, पण जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून राखीव नावं तशीच राहिली. पागडीच्या भाडेकरूंसारखी : इमारत नवी, यांची खोली कायम.

एक्सेल याच्यावर कडी करतं. कोऱ्या चौकटीत ६० लिहा आणि ती तारीख म्हणून दाखवायला सांगा. २९ फेब्रुवारी १९०० हजर! हा दिवस कधी उजाडलाच नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. मूळ चूक लोटस १-२-३ या आधीच्या स्प्रेडशीटची. त्याच्या फायली एक्सेलमध्ये बिनचूक उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने चूकही जशीच्या तशी उचलली.

सिमसिटी हा गेम सोडून दिलेल्या मेमरीत पुन्हा डोकावायचा. जुन्या विंडोजने ते खपवून घेतलं, विंडोज ९५वर मात्र गेम कोसळू लागला. दोष गेमचा, दुरुस्ती झाली विंडोजमध्ये : सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरी लगेच परत घ्यायची नाही. लोकांनी नव्या विंडोजलाच नावं ठेवली असती, हे ओळखून.

आता आपल्याकडच्या छापखान्यात या. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी मराठी पुस्तकांचा मजकूर पेजमेकरमध्ये, त्या काळच्या फाँटांत जुळवलेला आहे. अशा काही सॉफ्टवेअरना कंप्युटरच्या मागे, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टात लावायचं 'लॉक' असायचं; ते नसेल तर सॉफ्टवेअर चालायचंच नाही. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. मग कुणीतरी यूएसबीची केबल आणतं. तिच्यावर जुना डॉट मॅट्रिक्स खडखडत चालतो, लॉक मात्र ढिम्म! कारण ती केबल म्हणजे खरा पोर्ट नव्हेच. ती विंडोजला सांगते, 'मी प्रिंटर आहे', आणि छपाईचा मजकूर तेवढा पुढे ढकलते. लॉकला पोर्टाच्या एकेका पिनेशी थेट बोलायचं असतं.

बरं, लॉकचं जमलं तरी फाँट हवाच. या फाँटांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले. फाँट नसेल तर अख्खी कादंबरी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. युनिकोड १९९१मध्ये आलं, पण विंडोजला देवनागरी नीट जमू लागली ती विंडोज २०००पासून. त्याआधीचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि मग जोडाक्षरं नि रफार तपासायला माणूस बसवावा लागतो. तो खर्च टाळायलाच कोपऱ्यातलं जुनं मशीन जपलं जातं. मला त्यात मागासपणा दिसत नाही, हिशेब दिसतो.

जुन्याला नव्याचा वेगही सोसत नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले बरेच प्रोग्राम सुरू होतानाच कंप्युटर किती वेगवान आहे ते मोजायचे. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढे भागाकाराचं उत्तर ठरल्या जागेत मावेना, आणि प्रोग्राम 'एरर २००' म्हणून मान टाकायचा. २०० हा योगायोगच. तो शून्याने भागल्याच्या चुकीचा क्रमांक.

वेगाची ही भानगड त्याहूनही जुनी. पहिल्या आयबीएम पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. त्या वेगावर बेतलेले गेम पुढच्या मशीनवर इतके सुसाट पळायचे की खेळणंच अशक्य. म्हणून डब्यावर 'टर्बो' बटण आलं. नाव टर्बो, खरा उपयोग वेग कमी करायला! आज ते बटण नाही. डॉसचे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोलसोबत एफ ११ दाबायचं.