मंडूर, यकृत आणि विवेक

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांमध्ये औषधदानाला स्थान देणाऱ्या जैन परंपरेने वैद्यकाचीही उपासना केली. नवव्या शतकातील उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा संस्कृत ग्रंथ तिची साक्ष देतो. मद्य, मांस व मध वर्ज्य मानून त्यांनी चिकित्सा सांगितली. पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९४० साली सोलापूरहून प्रकाशित झाला.

अहिंसक वृत्तीच्या घरांना खनिज औषधे म्हणूनच जवळची वाटतात. पांडू, कामला व यकृतविकारांत वैद्य देतात ते मंडूरभस्म त्यांपैकीच एक. मंडूर म्हणजे लोखंड वितळवताना निघणारा मळ. जितका जुना तितका श्रेष्ठ. तो तापवून गोमूत्रात विझवतात, त्रिफळ्याच्या काढ्यात खलतात आणि पुटे देतात. सिद्ध भस्म पाण्यावर तरंगते व बोटांच्या रेषांत भरते.

आज प्रश्न वेगळा आहे. क्षयावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधे प्राण वाचवतात. पण काही रुग्णांच्या यकृताला इजाही करतात. अशा वेळी मंडूर कवच ठरेल काय? कार्बन टेट्राक्लोराइडने यकृत दुखावलेल्या उंदरांवर मंडूरभस्माचा परिणाम तपासणारे संशोधन १९८६ साली प्रसिद्ध झाले. परंतु ते रसायन म्हणजे औषध नव्हे आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय शरीरातील अतिरिक्त लोह यकृतातच साठते व त्यालाच अपाय करते.

शुद्धीचा प्रश्नही आहेच. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत सुमारे एकपंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले.

म्हणून क्षयाची औषधे घेणाऱ्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून भस्म सुरू करू नये. भूक मंदावणे, सतत मळमळ, गडद लघवी, डोळ्यांना पिवळेपणा यांपैकी काहीही दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि रक्ततपासणी करून घ्यावी. कोणते औषध थांबवायचे, कोणते चालू ठेवायचे, हे त्यांनीच ठरवावे. अर्धवट सोडलेल्या उपचाराने क्षय अधिक चिवट होतो. वैद्यांचे औषध चालू असल्यास तेही डॉक्टरांपासून लपवू नये.

औषधदान पुण्यप्रद खरेच. पण ज्ञानावाचून दिलेले औषध दान ठरत नाही. जीवरक्षणाचा आरंभ विवेकातूनच होतो.