नव्या पिलांचा गृहप्रवेश

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पेडणे व डिचोली या तालुक्यांत अंगणात गावठी कोंबड्या बाळगणारी घरे आजही पुष्कळ आहेत. अंडी विकून गृहिणीच्या हाती चार पैसे येतात. मुलांच्या वह्यापुस्तकांना त्यांचा आधार होतो. मुंगसाने वा रोगाने कळप रोडावला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिले आणावयाची व सायंकाळी जुन्या खुराड्यात सोडून द्यावयाची, अशी रीत पडून गेली आहे. परंतु 'बर्ड फ्लू'च्या दिवसांत हीच रीत सर्व कळपाच्या नाशास कारण होऊ शकते.

हा रोग एका विषाणूमुळे होतो. भारतात त्याचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला व तेथे लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ च्या आरंभी परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी व पुन्हा नवापुरास तो प्रकट झाला. रोगी पक्ष्याची विष्ठा व नाकातोंडातील स्राव यांतून विषाणू पसरतो. पिंजरे, भांडी, पादत्राणे हीही त्याची वाहने होत. हिवाळ्यात तळ्यांवर व पाणथळ शेतांत उतरणारी रानबदके तर स्वतः आजारी न दिसताही तो वाहून आणू शकतात.

म्हणून पहिला नियम असा, की जवळपास रोग आढळल्याची वार्ता असेल तर नवे पक्षी मुळीच आणू नयेत. घरचीच खुडूक कोंबडी घरच्या अंड्यांवर बसवावी. २१ दिवसांत पिले निघतात, आणि परका पक्षी घरात येत नाही.

रोगाची वार्ता नसताना पिले आणलीच, तर ती निदान ३० दिवस वेगळी ठेवावी. बाधा झालेला पक्षी काही दिवस धडधाकट दिसू शकतो. त्याची खरी परीक्षा काळच करतो. पूर्वी प्लेगच्या भयाने परदेशी जहाजे ४० दिवस बंदराबाहेर थांबवीत. त्या चाळिसावरूनच 'क्वारंटीन' हा शब्द आला. तोच न्याय येथे लावावयाचा.

पिलांची जागा जुन्या खुराड्यापासून शक्य तितकी दूर, अंगणाच्या दुसऱ्या टोकास असावी. त्यांची भांडी, झाडू व चपला निराळ्या असाव्यात. दाणापाणी आधी जुन्या कोंबड्यांना व मागाहून नव्यांना घालावे आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. साबणाने विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. लहान पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. मानमोडीची लस अवश्य टोचून घ्यावी. मात्र तिने बर्ड फ्लू टळत नाही, हे ध्यानी असावे.

मुदत निर्विघ्न पार पडली आणि पिलांना पुरती पिसे फुटून ती सहा-आठ आठवड्यांची झाली, म्हणजे मधे जाळी लावून आठवडाभर दोन्ही पक्षांची ओळख होऊ द्यावी. मग रात्री, जुन्या कोंबड्या निजल्यावर, नव्यांना आत सोडावे. त्यामुळे टोचाटोची कमी होते.

एकाएकी अनेक पक्षी मरू लागले, तुरा निळसर झाला, डोके सुजले, तर कशासही हात लावू नये. मेलेला पक्षी ओहोळात टाकू नये, आजारी पक्षी घाईने विकू नये. तात्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. सर्व कोंबड्या मारतील या भीतीने पुष्कळ लोक गप्प राहतात. ती भीती खोटी नाही. रोग ठरल्यावर साधारणतः एक किलोमीटरच्या परिसरातील कोंबड्या नष्ट करतात. पण मारलेल्या पक्ष्यांची भरपाई शासन देते. लपविलेला रोग मात्र शेजाऱ्याचेही खुराडे रिकामे करतो, आणि क्वचित माणसासही जडतो.

तेव्हा, मित्रहो, हे घरी वडील मंडळींना समजावून सांगा. महिनाभराचा धीर हे काही मोठे मोल नव्हे.