निगडीचे ‘चायनीज’

निगडीत दिवेलागण झाली की कोपऱ्याकोपऱ्यावर लसूण-मिरचीचा ठसका उठतो. लाल गाडी, तिच्यावर रंगवलेला ड्रॅगन आणि भडकलेल्या शेगडीवर उडणारी कढई. प्राधिकरणात राहताना या गाड्यांवर मी कितीदा तरी जेवलो. पण कढईमागे चिनी माणूस एकदाही दिसला नाही. मग हे ‘चायनीज’ इथवर आले कुठून?

त्याची वाट कोलकात्याहून निघते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अछ्यू नावाच्या चिनी गृहस्थाने तिथे हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. पुढे आलेल्या हाक्का लोकांनी टांगरा भागात कातडी कमावली, मग खाणावळी थाटल्या. आपल्या ‘हक्का नूडल्स’मधले हक्का ते हेच.

कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कुणी काही नवे मागितले, तेव्हा त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची परतून गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातले. तेच चिकन मंच्युरियन! पुढे कोंबडीच्या जागी कोबी आला आणि ते शाकाहारी घरांतही शिरले. शेजवानची गंमत वेगळीच. चीनच्या सिच्वान प्रांतातला, जिभेला झिणझिण्या आणणारा मसाला आपल्या कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद. नेमका तोच गाडीवरच्या शेजवान चटणीत नसतो!

निगडीत ही चव रुजली, कारण गाव कारखान्यांच्या भोंग्यावर चालणारे. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, गावोगावची माणसे आली. रात्री उशिरा पाळी सुटलेल्या एकट्या तरुणाला गरम, झणझणीत आणि खिशाला परवडणारे जेवण हवेच होते.

या चवीमागे एक दुखणेही आहे. १९६२च्या युद्धानंतर, मुख्यतः आसाम-बंगालमधल्या, चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातल्या देवली छावणीत डांबले गेले. त्यांत इथेच जन्मलेली लेकरे होती, म्हातारी माणसेही होती. काहींच्या सुटकेला १९६७ उजाडले. परतल्यावर घरदार उरले नव्हते. कित्येकांनी कॅनडाची वाट धरली.

माणसे परकी ठरवली आणि त्यांची चव मात्र आपण घरची करून घेतली. निगडीत बहुतेक जण बाहेरूनच आलेले. ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाचा काटा आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पोरांना मंच्युरियन खाऊ घालताना ही गोष्टही सांगावी. ताटातल्या पदार्थाला माणसांचा इतिहास असतो, हे त्यांना कळायला हवे.