तांब्याचा हंडा आणि पिल्लांची नाभी

वेंगुर्ल्याहून बोलतोय. मध्येच कोंबडा आरवला तर समजून घ्या, आमचाच आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका हॅचरीतून एक दिवसाची ४० पिल्लं आणली. आठवड्यात १३ गेली. पोट फुगलेलं, नाभी ओली. डॉक्टरांनी एक पिल्लू उघडून बघितलं आणि म्हणाले, "हे तुमच्याकडे झालेलं नाही, येतानाच घेऊन आलेत."

म्हणजे काय, ते बघू. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत उबतं. पहिले १८ दिवस सेटरमध्ये, साधारण ३७.५ अंशांवर. शेवटचे ३ दिवस हॅचरमध्ये, तिथे दमटपणा आणखी वाढवतात. ऊब, ओल आणि उडणारी लव! ई. कोलाय, साल्मोनेला, अ‍ॅस्परजिलस बुरशी, सगळ्यांची मजाच. आणि नुकत्या बाहेर आलेल्या पिल्लाची नाभी पुरती मिटलेली नसते. जंतू तिथूनच आत शिरतात.

यावर जुना उपाय म्हणजे फॉर्मलीन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी. जंतू मरतात, पण २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलं. हॅचरीत काम करणारी पोरं तोच वास घेतात. म्हणून दुसरे पर्याय शोधले जातात, आणि त्यातला एक आपल्या माजघरातलाच आहे: तांबं.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात दारांच्या मुठी तपासल्या. स्टीलच्या मुठींवर जंतू भरपूर, पितळेच्या मुठींवर फार थोडे. पितळेत तांबंच जास्त असतं. २००८ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून नोंदणी दिली: स्वच्छ पृष्ठभागावर दोन तासांत ९९.९ टक्के जंतू खलास. २०१२ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, नंतर ते जंतू वाढवून बघितले तर वाढलेच नाहीत.

होतं काय, तर तांब्याचे आयन सुटतात, जंतूचं आवरण फाडतात, आत शिरून त्याची प्रथिनं आणि डीएनए बिघडवतात.

हे वाचून मी लगेच इन्क्युबेटरला तांब्याचा पत्रा मारायला निघालो. पत्रा चकाकत राहावा म्हणून वर वॉर्निश लावणार होतो. आजी म्हणाली, "पाणी भरूच्या हंड्याक कल्हई कित्याक होयी रे झिला?"

बरोबर! आंबट आमटीत तांबं उतरू नये म्हणून टोपाला कल्हई लागते, कारण कथलाचा थर तांबं झाकतो. पाण्याच्या हंड्याचं तांबं मात्र उघडंच हवं. वॉर्निश मारलं की पत्रा नुसता शोभेचा.

अजून तीन गोष्टी. एक, विष्ठेचा, फुटलेल्या अंड्याचा थर बसला की जंतू त्याच्या आडोशाला सुखरूप. धुवायला लागणारच. दोन, हवेत उडणारी लव तांब्याला शिवतही नाही, त्यामुळे तिच्यावर इलाज हवेशीरपणा आणि सफाई. तीन, गुळगुळीत पत्र्यावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात, म्हणून हॅचरच्या तळाला सपाट पत्रा नको.

शिवाय तांबं स्टीलपेक्षा कितीतरी महाग. म्हणून मी ते फक्त हात लागतो तिथे लावलं: दाराची मूठ, कडी, अंडी निवडायच्या टेबलाचा वरचा भाग. स्क्रू पितळेचे, कारण आमच्या खाऱ्या हवेत तांब्याला टेकलेलं लोखंड भराभर गंजतं. दर आठवड्याला आमसुलाने घासतो, मग पाण्याने धुऊन पुसतो.

आणि मळकी अंडी आता उबवायला ठेवतच नाही. खरं सांगू? सुरुवात तिथूनच करा. तांबं त्यानंतर.

तुमच्या घरचा हंडा माळ्यावर पडलाय का? बघा, आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!