कंपासपेटीतला आवाज

भिशी चालवणे सोपे, पण गटाने हेडफोन अॅम्प्लिफायर बांधणे अवघड. उभी हयात बँकेत काढलेला माणूस हे सांगतो आहे. इथे पैसे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जातात आणि सुट्या भागांच्या पुड्या होऊन येतात. त्या परत कोण घेणार? म्हणून नांदेडचे सात नि लातूरचे पाच, सगळ्यांची रक्कम मी आगाऊच घेतली.

आराखडा चू मॉय यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला. हौशी लोक तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवत. आम्हाला नातवंडांच्या कंपासपेट्या सापडल्या. खरी खुबी वाटणीत. नऊ व्होल्टच्या बॅटरीचे दोन सारखे रेझिस्टर साडेचार-साडेचार असे वाटे करतात, भावाभावांच्या शेतासारखे. बांध मात्र कुणी कोरत नाही!

लातूरच्या एका निवृत्त गुरुजींना ही पेटी फार हवी होती. पत्नी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे रात्री गाणे ऐकायचे ते हेडफोनवरच. पण त्यांच्या जुन्या हेडफोनला मोबाइलचा जोर पुरत नसे.

रविवारी नांदेडला जमलो. ज्येष्ठांनी रेझिस्टरचे रंग वाचायचे, पोरांनी डाख द्यायचा. कपॅसिटर उलटा बसला तर फुटतो, म्हणून दुसऱ्याने तपासल्याशिवाय बॅटरी लावायची नाही, ही बँकेची शिस्त. अकरा पेट्या बोलल्या. बारावी, गुरुजींची, मुकी! दहावीतल्या एका मुलीने भिंग लावून न धरलेला डाख शोधला.

लातूरची शेवटची एसटी सुटायला आली होती. गुरुजी तराणा संपेपर्यंत उठेनात.