जुना व्हॉल्व्ह, नवा आवाज?

हेडफोनच्या काही विवर्धकांत आजही काचेचे व्हॉल्व्ह उजळलेले दिसतात. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात. धनाग्राकडे जाणारा त्यांचा ओघ मधल्या जाळीवरचा लहानसा विद्युतदाब कमीजास्त करतो. आवाज सुधारेल या आशेने हौशी मंडळी जुने व्हॉल्व्ह शोधून आणतात आणि बदलून पाहतात.

पण खोबणीत बसला म्हणजे चालला, असे समजू नका! ईसीसी८८ आणि रशियन ६एन१पी या दोघांनाही नऊच पिना. तापकाला दाबही ६.३ व्होल्टच लागतो. मात्र पहिल्याचा तापक ०.३६५ अँपिअर प्रवाह घेतो, तर दुसऱ्याचा ०.६. तेवढा भार ट्रान्सफॉर्मरला पेलला नाही तर तो तापेल, कदाचित जळेलही. शिवाय आत शे-दोनशे व्होल्ट असू शकतात, आणि बटण बंद केल्यावरही धारित्रांत ते काही काळ टिकतात. म्हणून अदलाबदल जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

आता आवाज खरेच ‘गोड’ झाला का? जरा मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो. तेव्हा आधी पातळी सारखी करा. मग कोणता व्हॉल्व्ह बसवला आहे ते न सांगता मित्राला ओळखायला लावा. दहांपैकी पाच उत्तरे नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात बरे!