मनाई हुकूम आणि भाडेपावती

कौटुंबिक कलह न्यायालयात पोचला म्हणजे चर्चा होते ती मारहाणीची, हुंड्याची आणि पोटगीची. ज्या खोलीत हा कलह घडला तिचे भाडे कोण भरतो, भाडेपावती कोणाच्या नावाने फाटते आणि उद्या तीच खोली कोणाच्या ताब्यात राहावयाची, हे प्रश्न सहसा मागे पडतात. वास्तविक मुंबई-पुण्यासारख्या शहरांत या कलहाचे मूळ पुष्कळदा त्या खोलीतच असते. सासू, सून, दीर, परित्यक्ता नणंद अशी चार माणसे भाड्याच्या एका जागेत राहत असली, की तेथे नुसती नाती राहत नाहीत, हितसंबंधही राहतात. अशा घरात न्यायालयाने मनाई हुकूम दिला तर तो मारणारा हात अडवितो. पण तो घर राखतो काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

यासंबंधीचा मुख्य कायदा म्हणजे महिलांना कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा अधिनियम. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून अंमलात आला. त्यापूर्वी पीडित स्त्रीपुढे दोनच वाटा होत्या. एक 1983 साली दंडसंहितेत आलेल्या 498-अ कलमाची. त्या वाटेने नवरा तुरुंगात जाऊ शके, परंतु बायकोला छप्पर मिळत नसे. दुसरी दिवाणी न्यायालयाची, आणि तिथली गती सर्वांच्या परिचयाची आहे. 2005 च्या अधिनियमाने दंडाधिकाऱ्याच्या हाती दोन प्रकारचे हुकूम दिले. पहिला संरक्षण आदेश: मारू नये, धमकावू नये, नोकरीच्या ठिकाणी जाऊन छळू नये. तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरा निवास आदेश: स्त्रीला सामायिक घरातून बाहेर काढू नये, प्रसंगी पुरुषानेच बाहेर जावे, घर विकू नये, त्यावरील हक्क सोडून देऊ नये. त्या घरावर पुरुषाचा कायदेशीर हक्क असो वा नसो, बाहेर न काढण्याचा हुकूम त्याच्यावर बजावता येतो. अर्जाची पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असेही कायदा म्हणतो. हा प्रयत्न कितपत होतो, हे कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयाबाहेरील बाकावर बसणाऱ्या बायका सांगतील.

भाड्याची घरे या कायद्यातून सुटलेली नाहीत. ‘सामायिक घर’ या संज्ञेच्या व्याख्येत मालकीच्या घराबरोबरच भाड्याचेही घर स्पष्टपणे येते. अडचण निराळीच होती. 2006 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या व्याख्येचा अर्थ फार अरुंद लावला: घर नवऱ्याच्या मालकीचे असेल, त्याने भाड्याने घेतलेले असेल किंवा तो ज्या एकत्र कुटुंबाचा घटक आहे त्या कुटुंबाचे असेल, तरच ते सामायिक घर. मग पावती सासऱ्याच्या नावाची असली म्हणजे सुनेचा हक्क संपला! ज्या समाजात लग्न झालेला मुलगा बापाच्याच खोलीत संसार थाटतो, तेथे या निर्णयाने किती सुना कायद्याबाहेर गेल्या असतील याची कल्पना करता येते. 15 ऑक्टोबर 2020 रोजी त्याच न्यायालयाने हा अर्थ चूक ठरविला. नवऱ्याच्या नातेवाईकांचे घर असले तरी, स्त्री तेथे काही स्थिरतेने राहिली असेल तर ते सामायिक घर ठरू शकते, असा निर्वाळा दिला. मात्र हा हक्क अमर्याद नाही, वृद्ध सासू-सासऱ्यांच्या स्वास्थ्याशी त्याचा मेळ घालावा लागेल, हेही न्यायालयाने बजावले.

येथपर्यंत कायदा स्त्रीच्या बाजूने चालत आला आहे. तथापि हे सारे हुकूम नातेवाइकांवर बजावले जातात, आणि भाड्याच्या घरात नातेवाइकांच्या पलीकडे आणखी एक माणूस असतो, तो घरमालक. स्त्रीला ‘कायद्याने विहित केलेल्या रीतीखेरीज’ घराबाहेर काढता येणार नाही, असे अधिनियमाचे 17 वे कलम म्हणते. मालकाने भाडे थकल्याचा दावा लावून ताबा मिळविणे, ही कायद्याने विहित केलेलीच रीत आहे.

स्वस्त खोली, महाग ताबा

महाराष्ट्रातील भाड्याची घरे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत, आणि त्यांचे अर्थशास्त्र एकमेकांच्या अगदी उलट आहे. पहिला प्रकार जुन्या चाळींतील भाडेकरूंचा. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला प्रमाण भाडे मानून ते गोठविले. पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम आला, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य केली आणि पागडीलाही कायदेशीर रूप दिले. पण गोठलेल्या आकड्यावरील चार टक्के म्हणजे किती? भाडे नाममात्र राहिले आणि ताब्याची किंमत आकाशाला भिडली. अर्थशास्त्राच्या भाषेत, मालकाला न मिळालेले भाडे ताबेदाराच्या हाती भांडवल बनून साठत गेले. हे भांडवल बँकेत नसते. ते प्रत्यक्ष खोलीत राहणाऱ्याजवळ असते.

ही खोली वारशाने कोणाकडे जाते? 1999 च्या अधिनियमानुसार भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील व्यक्तीकडे. तशी व्यक्ती नसेल तरच वारसाकडे. आणि एकमत न झाल्यास न्यायालय ठरवील. हेतू चांगला होता. मृत भाडेकरूबरोबर राहणारी माणसे रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच तो होता. परंतु ‘मृत्यूसमयी बरोबर राहणारी’ या शब्दांनी घरातल्या घरात एक भयंकर प्रलोभन निर्माण केले आहे. समजा, एका चाळीत पावती वृद्ध आईच्या नावाची आहे आणि तिच्याजवळ एक मुलगा, सून आणि नवऱ्याने टाकलेली मुलगी राहतात. आईचे दिवस भरत आले आहेत. अशा वेळी बहिणीला आज शिवीगाळ करून काढले, तर आईच्या मृत्यूसमयी ती खोलीत नसेल, आणि खोलीवर भाऊ एकटाच दावा सांगेल. ही शिवीगाळ रागाच्या भरात झालेली नसते, तिच्यामागे पुरता हिशेब असतो.

2005 चा अधिनियम अशा बहिणीलाही संरक्षण देतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तो केवळ पत्नीसाठी नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारी बहीण, आई, मुलगी, विधवा भावजय या साऱ्या त्याखाली अर्ज करू शकतात. 2016 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादी प्रौढ पुरुषच असावा ही अटही रद्द केली, त्यामुळे छळणारी भावजय असली तरी तिच्याविरुद्ध दाद मागता येते. मात्र घराबाहेर जाण्याचा हुकूम कोणत्याही स्त्रीवर देता येत नाही. भावाला काढले तरी भावजय खोलीतच राहणार! कायदा त्यावर उपाय सुचवितो तो असा की, पीडित स्त्री घराच्या ज्या भागात राहते त्या भागात इतरांनी पाऊल टाकू नये. चार खोल्यांच्या बंगल्यात हे शोभून दिसते. दहा बाय सोळाच्या खोलीत ‘भाग’ कोणता म्हणावयाचा? मोरी एक, ओटा एक, दरवाजा एक. दंडाधिकाऱ्याने खडूने रेघ मारून दिली तरी पाण्याची वेळ दोघींची एकच असते.

अकरा महिन्यांचा संसार

दुसरा प्रकार आज झपाट्याने वाढणारा, तो लिव्ह अँड लायसन्स कराराने घेतलेल्या जागांचा. नवी नोकरदार जोडपी, बदलीची नोकरी करणारे शिक्षक, उपनगरांतील कारकून यांची घरे आता बहुशः अशीच, अकरा महिन्यांच्या कराराची. येथे भाडे बाजारभावाचे, ताब्याला किंमत शून्य, आणि करार संपला की राहण्याचा अधिकारही संपला. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याकडून मालक ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागू शकतो, आणि त्याला जलद मार्गाने ताबा मिळावा म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याची स्वतंत्र व्यवस्था आहे.

अशा घरातील पत्नीला निवास आदेश मिळाला तर तिला नेमके काय मिळते? करारातले उरलेले महिने. ते सात असतील, दोनही असतील. करार नवऱ्याच्या नावाचा. हुकुमानुसार तो बाहेर गेला आणि त्याने दुसऱ्याच दिवसापासून भाडे बंद केले, तर त्याने मनाई हुकूम मोडला असे म्हणता येत नाही. त्याने हात उगारला नाही, घरात पाऊल टाकले नाही, काही विकले नाही. त्याने केवळ पैसे दिले नाहीत. पत्नीला मालकापुढे उभे राहावे लागते आणि मालकाचे म्हणणेही चूक नसते. आपले घर म्हणजे कोणाच्या संसाराचे आश्रयस्थान नव्हे, असे तो म्हणतो; त्याच्या घरावर कर्जाचा हप्ताही असू शकतो.

वास्तविक कायद्याने याचा विचार केला आहे. अधिनियमाच्या 19 व्या कलमातील दोन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. निवास आदेश देताना, दोन्ही पक्षांची गरज आणि ऐपत पाहून, भाडे व इतर देणी भरण्याची जबाबदारी प्रतिवादीवर टाकता येते. आणि सामायिक घराच्याच दर्जाची पर्यायी जागा देण्याचा किंवा तिचे भाडे भरण्याचा हुकूमही देता येतो. भाड्याच्या घरापुरते बोलावयाचे तर या दोन तरतुदी म्हणजे निवास आदेशाचा कणा आहे. अर्ज लिहिताना मात्र सारा भर छळाच्या वर्णनावर पडतो आणि भाड्याची मागणी पोटगीच्या एका गोळाबेरीज आकड्यात विरून जाते. समजा, घराचे भाडे पंधरा हजार आहे आणि अंतरिम पोटगी दहा हजार मंजूर झाली. कागदावर दोन्ही हक्क मिळाले, राहण्याचा आणि खाण्याचा. प्रत्यक्षात दहा हजारांतून पंधरा हजारांचे भाडे जात नाही, आणि पोटात घालावयाचे ते निराळेच. भाडे पोटगीपासून वेगळे काढून, कोणत्या तारखेस, कोणाच्या खात्यात भरावयाचे इतक्या तपशिलाने ते हुकुमात लिहिले गेले पाहिजे. करार संपल्यावर पर्यायी जागेचे भाडे आपोआप सुरू होईल, हेही त्याच हुकुमात यावयास हवे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अर्ज लिहिणाऱ्या वकिलाने मागितले आणि दंडाधिकाऱ्याने लिहिले, एवढे पुरे.

नवा कायदा लागतो तो दुसऱ्या एका ठिकाणी. पत्नीने स्वतः भाडे देऊ केले आणि मालकाने ‘तुझ्याशी माझा करार नाही’ म्हणून ते नाकारले तर? कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितले की, भाडेकरू नवऱ्याने टाकून दिलेली पत्नी भाडे भरून ताब्याच्या दाव्यात स्वतःचा बचाव करू शकते. मात्र नवऱ्याला जो बचाव उपलब्ध होता त्यापलीकडचा नाही. घटस्फोट झाला की हाही आधार जातो, विभक्त होताना निवासाची तरतूद करून घेतली असेल तर गोष्ट निराळी. इंग्लंडमध्ये 1967 च्या कायद्यानेच असे ठरवून टाकले की, पत्नीने दिलेले भाडे हे पतीने दिलेल्या भाड्याइतकेच ग्राह्य मानावे. ती तरतूद तेथील 1996 च्या कायद्यातही कायम राहिली. महाराष्ट्राच्या भाडेकायद्यात अशी तरतूद नाही. ती घातल्याने घरमालकाचे काहीच जात नाही. त्याचे भाडे उलट अधिक निश्चित होते.

प्रश्नाला दुसरी बाजूही आहे आणि ती दृष्टीआड करणे योग्य होणार नाही. काही घरांत छळ होतो तो वृद्धांचा. पावती म्हाताऱ्याच्या नावाची, आणि मुलगा-सून त्यालाच गॅलरीत झोपावयास लावतात. त्यांच्यासाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिक अधिनियम आहे आणि त्याखालील न्यायाधिकरणापुढे तुलनेने लवकर दाद मिळते. मात्र सुनेचा निवासाचा हक्क डावलण्यासाठी या आडवाटेचा उपयोग करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या डिसेंबरात बंगळुरूच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. दोन भावांच्या भांडणात मात्र यांपैकी काहीच लागू नाही. बेकायदा बाहेर काढलेल्या भावाने सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावावा, एवढीच त्याची सोय.

मुंबईत हा प्रश्न आता अधिक निकडीचा होत आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर मिळते. खासगी जुन्या चाळीही याच मार्गावर आहेत. पात्र रहिवासी म्हणून ज्याचे नाव यादीत चढले, त्याच्या हाती नव्या घराची किल्ली येते. म्हणजे ज्या ताब्यासाठी आजवर कुटुंबे भांडत होती, त्याचे मोल एका सहीने कित्येक पटींनी वाढते. आणि ही सही होते तेव्हा निवास आदेश मिळविलेली बहीण किंवा सून त्या टेबलापाशी नसते. हक्क सोडून देण्यास प्रतिवादीला मनाई करणारा हुकूम तिच्या पिशवीत असतो, पण मालकाला, विकासकाला किंवा ‘म्हाडा’ला त्याचा पत्ता नसतो. अधिनियमाच्या 24 व्या कलमानुसार हुकुमाची प्रत विनामूल्य द्यावयाची ती अर्जातील पक्षांना, पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला आणि सेवा पुरविणाऱ्या संस्थेला. ज्याच्याकडून भाडेपावती येते, त्या घरमालकाचे नाव या यादीत नाही.